फ्रेंच स्पॅम अडवताना खरी ऑर्डर अडवू नका : ईमेल फिल्टर लिहायचा आणि तपासायचा कसा



परवाच्या व्हिडिओत मी ईमेल फिल्टर दाखवला, पण पंधरा मिनिटांत ते उरकावं लागलं. साताऱ्याच्या शनिवारच्या बॅचमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, "मॅडम, फिल्टर लावला, पण तो बरोबर चाललाय की नाही हे कळणार कसं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. हाच प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नाही आणि माझी एक ऑर्डर गेली. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

आधी काय झालं ते सांगते. आमचं सांगलीत हळद-मसाल्याचं दुकान आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून मला एक्सपोर्टचं वेड लागलं होतं. वेबसाइट केली, दुकानाच्या नावाचा स्वतःचा ईमेल घेतला, आणि पुढे हौसेने वेबसाइटचं एक पान फ्रेंचमध्येही करून घेतलं. फ्रेंचमध्ये हळदीला 'कुर्कुमा' म्हणतात. बेदाण्याला 'रेझँ सेक' म्हणजे सुकं द्राक्ष म्हणतात. नुसतं 'रेझँ' म्हणजे ताजं द्राक्ष! स्पेलिंग मात्र तेच, इंग्रजीत बेदाण्याला वापरतो ते. तासगावच्या मंडळींनी फ्रेंच कोटेशन देताना एवढं लक्षात ठेवा, नाहीतर समोरचा द्राक्षाच्या पेट्या मागेल आणि तुम्ही बेदाण्याचे बॉक्स घेऊन बसाल.

तर फ्रेंच पान सुरू झालं आणि दोन-तीन महिन्यांत फ्रेंच मेल यायला लागले. मला आधी वाटलं, चला, धंदा वाढला. भाषांतर करून बघितलं तर पहिला मेल होता, "दोन टक्के व्याजाने कर्ज देतो, कुणालाही, लगेच." दुसरा एका विधवा बाईंचा, कॅन्सर झालाय, मूलबाळ नाही, सगळी इस्टेट तुम्हाला दान द्यायची आहे. तिसऱ्यात मला लॉटरी लागली होती. असं रोज चार-पाच.

हा प्रकार नवा नाही. इंग्रजीत याला '419 फ्रॉड' म्हणतात, नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमावरून. मोठ्या रकमेचं गाजर दाखवायचं आणि आधी 'फाइल चार्ज' म्हणून थोडे पैसे मागायचे. फ्रेंचमध्येही तेच, तिकडे त्याला 'फ्रे द दोसिए' म्हणतात. आयव्हरी कोस्टमध्ये असे मेल पाठवणाऱ्यांना 'ब्रुतर' म्हणजे चरणारे असं टोपणनाव आहे. मेंढरं चरतात तसे हे दुसऱ्याच्या रानात चरतात! पण म्हणून त्या देशातला प्रत्येक मेल खोटा समजू नका. भारतातल्या काजू कारखान्यांना लागणारा कच्चा काजू मोठ्या प्रमाणावर त्याच आयव्हरी कोस्टमधून येतो. तिथल्या व्यापाऱ्यांची भाषाही फ्रेंचच. खरा माणूस आणि चोर दोघंही एकाच भाषेत बोलतात, इथेच फिल्टरचं काम अवघड होतं.

मी काय केलं? रात्री दुकान बंद केल्यावर वैतागून सीपॅनेल उघडलं. ज्यांचा ईमेल स्वतःच्या डोमेनचा आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे होस्टिंगवाल्याचं हेच पॅनेल असतं. त्यात 'ईमेल फिल्टर्स' नावाचा विभाग आहे. विधवा बाईंच्या मेलमध्ये दानासाठी जो फ्रेंच शब्द होता, तो घेतला : डी-ओ-एन, उच्चार 'दों'. नियम लिहिला, "मेलच्या मजकुरात हा शब्द 'कंटेन्स' म्हणजे आहे, तर मेल 'डिस्कार्ड' करा." झालं, झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन, "मेल केलाय की ताई, बघितला नाही का?" मेल आलाच नव्हता. त्यात लिहिलेलं होतं 'लोडिंग डन'. डन मध्ये डी-ओ-एन आहे की नाही? आहे! 'कंटेन्स' म्हणजे तो अख्खा शब्द म्हणून असायला लागत नाही, कुठल्याही शब्दाच्या पोटात ती तीन अक्षरं सापडली तरी नियम लागू होतो. 'पेमेंट डन', 'लंडन', सगळं गेलं असतं.

मग मी स्वतःला फार हुशार समजून दुसरी अट जोडली. फ्रेंचमध्ये 'तुम्ही'ला 'वू' म्हणतात, व्ही-ओ-यू-एस. म्हटलं, मजकुरात हा शब्दही असला पाहिजे आणि डी-ओ-एनही असलं पाहिजे, दोन्ही असेल तरच मेल टाकून दे. म्हणजे इंग्रजी मेल सुटले. ट्रान्सपोर्टवाल्याला परत मेल करायला लावला, आला. मी खूश. स्पॅमही कमी झाला. दोन महिने निवांत गेले.

मग एक दिवस मॉरिशसवरून व्हॉट्सॲप आलं. तिथल्या एका किराणा दुकानदाराचं. मॉरिशसमध्ये मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मजूर म्हणून गेली आणि तिथेच रुजली. हे गृहस्थ त्यांच्यातलेच, आडनाव आपल्यातलं, पण स्पेलिंग वेगळंच. तिथे सरकारी काम इंग्रजीत चालतं, पण वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच आणि व्यवहारातही फ्रेंच भरपूर. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या फ्रेंच पानावरचा पत्ता घेऊन दोन मेल केले, उत्तर नाही, म्हणून माल दुसरीकडून घेतला, आता फक्त चौकशी करतोय तुम्ही दुकान चालवता की बंद केलंय. तीनशे किलो हळद पावडरची चौकशी होती. मोठ्या एक्सपोर्टरला ही काहीच नाही, पण माझ्यासाठी ती पहिली परदेशी ऑर्डर झाली असती.

मी त्यांना तो मेल पुन्हा पाठवायला सांगितला, दुसऱ्या पत्त्यावर. वाचला आणि डोक्याला हात लावला. पहिल्याच वाक्यात होतं, "तुम्ही आम्हाला तुमचे दर देऊ शकाल का?" फ्रेंचमध्ये 'देणे'ला 'दोने' म्हणतात, आणि त्याच्या स्पेलिंगची सुरुवात डी-ओ-एन. खाली लिहिलं होतं, "आमचा पत्ता-फोन पुढीलप्रमाणे", त्याला शब्द 'कोऑर्दोने'. त्याच्याही पोटात डी-ओ-एन! आता विचार करा, खरा गिऱ्हाईक दर द्या म्हणणारच आणि आपला पत्ता-फोन देणारच. म्हणजे माझा नियम विधवा बाईंपेक्षा खऱ्या गिऱ्हाइकालाच जास्त पक्का पकडत होता.

आणि 'डिस्कार्ड' म्हणजे खरोखर टाकून देणं. ट्रॅश नाही, स्पॅम फोल्डर नाही, पाठवणाऱ्याला "मेल पोचला नाही" असा निरोपही नाही. दोन महिन्यांत आणखी किती गेले ते मला कधीच कळणार नाही.

बीबीएला आम्हाला स्टॅटिस्टिक्समध्ये टाइप वन आणि टाइप टू एरर होते. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. फिल्टरच्या भाषेत सांगायचं तर एक चूक म्हणजे स्पॅम आत येणं आणि दुसरी म्हणजे खरा मेल बाहेर राहणं. पहिल्या चुकीची किंमत डिलीट करायचे तीन सेकंद. दुसरीची किंमत माझ्या बाबतीत तीनशे किलो हळद. या दोन चुका एका तागडीत तोलायच्या नाहीत. ट्रान्सपोर्टचा मेल परत आला तेव्हा मी इंग्रजी मेलवर तपासणी केली होती, पण खऱ्या फ्रेंच मेलवर एकदाही केली नव्हती. नियम फ्रेंच मेलसाठी लिहिलेला, आणि तपासला इंग्रजीवर!

आता पुन्हा सगळं कसं केलं ते बघू. एक सूचना आधीच देते : या लेखात मी फ्रेंच शब्द देवनागरीत लिहितेय, त्यावरून स्पेलिंगचा अंदाज बांधू नका. फिल्टरमध्ये शब्द टाकताना आलेल्या मेलमधूनच कॉपी-पेस्ट करा. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

नियम नंतर, आधी नमुने. मार्केट यार्डात हळदीचा सौदा होताना कुणी पोतं नुसतं बाहेरून बघून भाव करतं का? पोत्यातून मूठभर माल काढून बघतात. तसं मी दोन ढीग केले. एका ढिगात स्पॅम फोल्डरमध्ये आणि इनबॉक्समध्ये उरलेले खोटे फ्रेंच मेल, 44 निघाले. दुसऱ्या ढिगात खरे फ्रेंच मेल. ते माझ्याकडे होतेच पाच, मॉरिशसचा धरून. बाकीचे तीन मी तयार केले. कसे? पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीला सांगितलं, तू हळद घेणारी गिऱ्हाईक आहेस असं समजून मला मेल कर. एकात सॅम्पल माग, एकात ऑर्डर उशिरा आली म्हणून तक्रार कर, एकात बिल माग. सॅम्पलला 'एशांतियों', कोटेशनला 'दव्ही', बिलाला 'फाक्त्यूर', खरेदी ऑर्डरला 'बों द कोमांद', असे खरे धंद्यातले शब्द तिने वापरले. तुमच्याकडे अशी बहीण नसेल तर भाषांतराच्या ॲपवरून करा आणि दुसऱ्या आयडीवरून स्वतःलाच पाठवा. अगदी उत्तम फ्रेंच नसलं तरी चालेल, पण त्यात गिऱ्हाईक जे बोलतं ते सगळं आलं पाहिजे. तक्रारीचा मेल विसरू नका, कारण चिडलेल्या गिऱ्हाइकाची भाषा वेगळी असते.

सीपॅनेलमध्ये फिल्टरच्या पानावर 'फिल्टर टेस्ट' नावाचा चौकोन असतो. तिथे मेलचा मूळ मजकूर, वरच्या हेडरसकट, पेस्ट करायचा आणि बटण दाबायचं. हा मेल आला असता तर फिल्टरने काय केलं असतं ते तो सांगतो. फुकट आहे, समोरच आहे आणि मी दोन महिने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

पहिल्यांदा माझा जुनाच नियम लावून बघितला, 'वू' अधिक डी-ओ-एन. 44 स्पॅमपैकी 19 पकडले. 8 खऱ्यांपैकी 5 पकडले. बघा म्हणजे! स्पॅम निम्मेसुद्धा नाहीत आणि खरे निम्म्याहून जास्त. हा फिल्टर नसता लावला तर धंदा बरा चालला असता.

मग तोच शब्द, पण 'अख्खा शब्द' म्हणून. यासाठी 'कंटेन्स'ऐवजी 'मॅचेस रेजेक्स' निवडायचं आणि शब्दाच्या आधी आणि नंतर बॅकस्लॅश आणि बी अक्षर लिहायचं. याचा अर्थ, इथे शब्दाची हद्द आहे, याच्या मागेपुढे दुसरं अक्षर चिकटलेलं नको. शेताच्या बांधासारखं. आता 'दोने' सुटला, 'कोऑर्दोने' सुटला. स्पॅम पकडले 11, खरे 0. म्हणजे आधीच्या 19 मधले 8 तर योगायोगाने सापडले होते. हद्दीचा हा प्रकार फार जुना आहे. 'सियालिस' या औषधाच्या स्पॅमला वैतागून लोकांनी त्या नावावर फिल्टर लावले, आणि 'स्पेशालिस्ट' लिहिलेले मेल गायब व्हायला लागले. स्पेशालिस्टचं स्पेलिंग लिहून बघा, मधोमध सी-आय-ए-एल-आय-एस सापडेल. फ्रेंच स्पेलिंगमध्येही आहेच. डॉक्टरांना मसाले विकत असाल तर सांभाळा!

दुसरा शब्द कर्जाचा, 'प्रे'. पी-आर-ई-टी, त्यातल्या ई वर छपरासारखी खूण. याची गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये याच शब्दाचा दुसरा अर्थ 'तयार' असा आहे. "तुमचं पार्सल तयार आहे" या वाक्यातही हाच शब्द. अख्खा शब्द म्हणून लावला तरी खरा मेल अडकणार. आणि स्पॅमवाले पुष्कळदा खूण न लावताच लिहितात, ते पकडायला मी खूण काढली आणि 'कंटेन्स' लावलं तर इंग्रजी 'इंटरप्रिटेशन' अडकतं, त्याच्या पोटात पी-आर-ई-टी आहे. म्हणून एकटा शब्द सोडून दिला. कर्जाच्या स्पॅममध्ये जवळजवळ ठरलेला वाक्प्रचार असतो, "खासगी व्यक्तींमधलं कर्ज". त्यातला कर्ज शब्द वगळून पुढचे दोन शब्द घेतले, 'आंत्र पार्तिक्युलिए'. या दोन शब्दांत एकही खूण नाही, आणि हळदीच्या चौकशीत ते येण्याचं काही कारण नाही. स्पॅम 13, खरे 0. सगळ्यात चांगला नियम हाच निघाला.

खुणेवर एवढा जोर का देतेय? तिसऱ्या नियमात माझी इथेच फजिती झाली. "तुम्ही जिंकलात" याला 'वूझावे गान्ये'. त्यातला शेवटचा शब्द जी-ए-जी-एन आणि मग ई वर तिरकी रेघ. मी तो तसाच टाकला. एकही मेल पकडला नाही! डोळ्यांना मेलमध्ये शब्द दिसतोय आणि फिल्टर म्हणतोय नाहीये. मग मेलचा मूळ मजकूर उघडला, तेव्हा कळलं. खुणा असलेली अक्षरं प्रवासात तशीच जात नाहीत. मेल पाठवताना त्या एका अक्षराच्या जागी बरोबरचं चिन्ह आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांची जोडी असं दोनदा येतं, आणि आपलं मेल ॲप ते वाचून परत अक्षर दाखवतं. सीपॅनेलचा मजकुराचा फिल्टर मात्र तो कच्चा मजकूर वाचतो. आपल्या मराठीचंही तसंच. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत आपलं एक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेतं, फ्रेंच खुणेचं अक्षर दोन, साधं इंग्रजी एक. भरीस भर म्हणजे खुणेचं अक्षर दोन पद्धतीने लिहिता येतं, एक तयार अक्षर किंवा साधा ई आणि वर वेगळी खूण. दिसायला सारखंच, आत वेगळं. जुन्या डीटीपी फॉन्टमधली मराठी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून जो गोंधळ होतो, त्याच घराण्यातला हा गोंधळ.

उपाय साधा : शब्दाचा खुणेआधीचा तुकडा घ्यायचा. मी जी-ए-जी-एन एवढाच ठेवला. 6 स्पॅम पकडले, खरे 0. पण मावसबहीण म्हणाली, "ताई, कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 'गान्यों' हे अगदी नेहमीचं आडनाव आहे." तिने त्या आडनावाने सही करून मेल पाठवला आणि फिल्टरने पकडला! मग याला अट जोडली, की सोबत लॉटरीचा शब्दही पाहिजे. स्पॅमचा आकडा 6 च राहिला, गान्यों साहेब सुटले.

सगळे नियम मिळून 44 पैकी 27 पकडले गेले, कारण 3 मेल दोन-दोन नियमांत येत होते. शंभरात साठच्या आसपास. व्हिडिओत मी हा आकडा सांगितला तेव्हा काही जणांना कमी वाटला. उरलेले 17 बघितले. त्यातले 6 तर पूर्ण मजकूरच एन्कोड करून आलेले, कच्च्या रूपात नुसता अक्षरांचा ठोकळा, त्यात कुठलाही शब्द सापडणं शक्यच नाही. त्यांच्यासाठी सब्जेक्टवर किंवा पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर नियम लिहावा लागतो, नाहीतर स्पॅमअसॅसिनवर सोडावं लागतं. हा प्रोग्रॅम 2001 मध्ये जस्टिन मेसन यांनी सुरू केला आणि सीपॅनेलच्या 'स्पॅम फिल्टर्स'मागे बहुतेक तोच असतो. त्याची पद्धत आपण शिकण्यासारखी आहे : तो एका खुणेवरून निकाल देत नाही, प्रत्येक संशयाला गुण देतो, आणि बेरीज ठरावीक आकड्यावर गेली तरच मेलला स्पॅम म्हणतो. हा आकडा सहसा 5 ठेवलेला असतो. तो 2 वर आणून जास्त कडक करू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने आणला आणि त्याला स्वतःच्या सीएचे मेल यायचे बंद झाले, तेही जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात.

पकडलेल्या मेलचं करायचं काय? 'डिस्कार्ड' कधीच नाही. सीपॅनेलमध्ये 'डिलिव्हर टू फोल्डर' असा पर्याय आहे. मी फोल्डरचं नाव 'पेव' ठेवलंय. सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकली असतील. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची आणि भाव आला की बाहेर काढायची. 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली, ते दुःख वेगळं. मुद्दा एवढाच, की नजरेआड ठेवलेलं हवं तेव्हा काढता आलं पाहिजे. दर शनिवारी सकाळी, साताऱ्याच्या एसटीत बसले की मी मोबाइलवर पेव उघडते. नुसते सब्जेक्ट वाचायला पाच मिनिटं पुरतात.

बहुतेक जण जीमेलच वापरता, तर त्याचं थोडक्यात. जीमेलमध्ये रेजेक्स चालत नाही. पण तपासायची सोय फार चांगली आहे : जे फिल्टरमध्ये लिहायचं ते आधी शोधाच्या पट्टीत लिहा. दोन-तीन शब्दांचा वाक्प्रचार दुहेरी अवतरणात टाका, नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह द्या, आणि काय काय सापडतंय ते बघा. साधा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघत नाही, म्हणून शोध पर्यायांमध्ये 'मेल, स्पॅम आणि ट्रॅश' निवडा. यादीत एक जरी खरं गिऱ्हाईक दिसलं तर तो नियम अजून कच्चा आहे. खुणेचा शब्द असेल तर खुणेसह आणि खुणेशिवाय, दोन्ही शोध करून बघा. समाधान झालं की त्याच खिडकीतून 'क्रिएट फिल्टर'. पहिले दोन आठवडे फक्त 'अप्लाय लेबल' निवडा, मेल इनबॉक्समध्येच राहू दे. लेबलचा रंग लाल ठेवा, म्हणजे फिल्टर कुणावर शिक्का मारतोय ते रोज डोळ्यांसमोर येतं. दोन आठवडे चूक दिसली नाही, की मग 'स्किप द इनबॉक्स'. 'डिलीट इट'च्या वाटेला जाऊ नका. जीमेलचा ट्रॅश 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो आणि गिऱ्हाइकाची आठवण करून देणारा फोन नेमका एकतिसाव्या दिवशी येतो.

आणि खऱ्या गिऱ्हाइकांसाठी उलटा फिल्टरही करा. मजकुरात 'कुर्कुमा' किंवा तुमच्या मालाचं फ्रेंच नाव असेल तर 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' आणि हिरवं लेबल. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांसाठी तो शब्द 'फ्रेझ'. माझ्या मते स्पॅमच्या नियमापेक्षा हा नियम आधी लिहायला हवा.

एक प्रकार मात्र कुठल्याच शब्दाने अडणार नाही : खोटी खरेदी ऑर्डर. उरलेल्या 17 मधल्या 7 अशा होत्या. भाषा सभ्य, मालाचं नाव बरोबर, 'बों द कोमांद जोडली आहे' असं लिहिलेलं आणि खाली अटॅचमेंट. शब्द तेच, जे खऱ्या गिऱ्हाइकाचे. यावर शब्दांचा नियम लिहायचा प्रयत्न केलात तर माझं मॉरिशस पुन्हा होईल. म्हणून हे मेल येऊ द्यायचे आणि माणसाने बघायचे. अटॅचमेंट झिप किंवा एचटीएमएल असेल तर उघडायची नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि 'रिप्लाय टू'चा पत्ता वेगळा आहे का ते बघा. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या पास झाल्या की फेल ते वरच लिहिलेलं असतं. पास म्हणजे माणूस चांगला असं नाही, एवढंच की मेल त्या डोमेनवरूनच निघालाय. फेल असेल आणि वर अटॅचमेंट असेल तर एका ओळीचं उत्तर द्या, "ऑर्डर मेलच्या मजकुरातच लिहून पाठवा." खरा व्यापारी दोन ओळी लिहितो. आणि चुकून कुणी पैसे भरलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर.

मॉरिशसच्या गृहस्थांना मी खरं काय झालं ते लिहून कळवलं. हसले ते. दोन किलोचं सॅम्पल पाठवलंय, अजून ऑर्डर आलेली नाही.

मागच्या शनिवारी एसटी नागठाण्याच्या आसपास असताना पेव उघडलं. नऊ मेल होते. आठ नेहमीचे. नववा रेयुनियों बेटावरचा, म्हणजे हिंदी महासागरातला फ्रान्सचाच भाग. एका छोट्या मसाल्याच्या दुकानाने पंचवीस किलोचा दर मागितला होता. मजकुरात डी-ओ-एन कुठेच नाही, मग पकडला कशाला? खाली सहीनंतर एक ओळ होती, त्यांच्या गावातल्या रक्तदान शिबिराची. रक्तदानाला फ्रेंचमध्ये 'दों द्यु सां'. दों, अख्खा शब्द, बांधासकट. दर तिथूनच एसटीतून पाठवला. खऱ्या मेलच्या ढिगात आता नऊ झालेत, आणि दानाच्या नियमात रक्ताचा शब्द असेल तर सोडून दे अशी अट टाकलीय. एक मेल सुधारला, सातारा यायच्या आत ढीग परत एकदा तपासून झाला.